नायक मेला, आता त्याला परत आणायचं का?

नाशिकच्या आमच्या लिहित्या गटात काही जण मराठीत फँटसी कादंबरी लिहिताहेत, आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडली आहे. नायक मारून झालाय. आता त्याला परत आणायचं, की जाऊ द्यायचं?

माझं मत आधीच सांगते. परत आणायचं असेल तर परतीची वाट वाचकाला मरणाआधी माहीत हवी, आणि परतताना नायकाचं काहीतरी कायमचं जायला हवं. यातलं एकही जमत नसेल तर त्याला मेलेलाच राहू द्या.

नवशिक्यांना सगळ्यात जास्त भुरळ पडते ती गँडाल्फ या जादूगाराची. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये तो मोरियाच्या पुलावरून बॅलरॉग नावाच्या अग्निराक्षसासोबत खोल दरीत कोसळतो आणि दुसऱ्या खंडात (१९५४) शुभ्र होऊन परततो. आपलं जुनं नावसुद्धा त्याला क्षणभर आठवावं लागतं. प्रसंग भव्य आहे, पण परतीची वाट वाचकाला आधी ठाऊक नसते. वरच्या शक्तीनं त्याला काम पुरं होईपर्यंत पाठवलेलं असतं. तो मुळात माणूसच नाही, म्हणून हे खपतं. तुमचा नायक सिन्नरच्या शेतकऱ्याचा मुलगा असेल तर हा मार्ग घेऊ नका.

त्याच्याशेजारी बेरिक डोंडॅरियनला ठेवा. 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'च्या तिसऱ्या खंडात (२०००) हा सरदार सहा वेळा मरून उठलेला आहे. प्रत्येक जखम अंगावर तशीच राहते, आणि प्रत्येक खेपेला आतलं काहीतरी झिजतं. एके काळी आपला एक किल्ला होता, एका मुलीशी लग्न ठरलं होतं, एवढं त्याला आठवतं. पण तो किल्ला आता सापडायचा नाही आणि तिच्या केसांचा रंगही सांगता यायचा नाही. मृत्यूची किंमत इतकी नेमकी मोजलेली मी क्वचितच वाचली आहे. अडचण एकच, असा माणूस दुय्यम पात्र म्हणून शोभतो. मुख्य नायकाची आठवणच पुसली गेली तर कादंबरी पेलणार कोण?

याच मालिकेतला जॉन स्नोही टीव्हीवर परत येतो. पहारेकरी दलात घेतलेली त्याची शपथ मरेपर्यंतची होती, त्यामुळे मरणानं तो तिच्यातून सुटतो. छान कल्पना आहे, पण किंमत कमी पडते.

आणि आता आपला कच. महाभारताच्या आदिपर्वातला. मला विचाराल तर मराठी लेखकानं पहिल्यांदा इथेच जावं. संजीवनी विद्या फक्त शुक्राचार्यांकडे आहे हे आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक असतं. ती शिकायला कच देवांकडून असुरांच्या या गुरूकडे येतो. असुर कचाला मारतात, गुरूची मुलगी देवयानी रडते, शुक्राचार्य त्याला उठवतात. शेवटी असुर त्याला जाळून ती राख मद्यातून शुक्राचार्यांनाच पाजतात. आता शिष्याला बाहेर काढायचं तर गुरूचं पोट फाटणार. मग शुक्राचार्य पोटातल्या कचालाच विद्या शिकवतात. तो बाहेर येतो आणि मेलेल्या गुरूला उठवतो. नियम तोच, फक्त दर खेपेला पेच वाढत जातो. किंमतही चुकत नाही. गुरूच्या पोटातून जन्मल्यामुळे देवयानी आता बहीण झाली, म्हणून कच लग्नाला नकार देतो. ती शाप देते आणि ती विद्या त्याला स्वतःला कधीच फळत नाही. ज्याला शिकवेल त्याला मात्र फळेल.

अमृताचा मोह नाशिककरांना होणारच, कुंभाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण अमर नायकाला भीती कसली? वापरायचंच असेल तर राहूचं उदाहरण घ्या: अमृत गळ्याखाली उतरायच्या आत मान उडाली आणि फक्त डोकं अमर राहिलं.

परत न आणण्याच्या बाजूनं मी जटायूला उभं करीन. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला तो पडला अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. पंख कापलेला तो म्हातारा पक्षी सीतेची खबर देईपर्यंत जीव धरून ठेवतो. राम स्वतः त्याला अग्नी देतो. सांगायचं ते त्यानं सांगितलेलं असतं, म्हणून त्याला परत बोलवावं असं वाटत नाही.

तेव्हा तुमच्या नायकाचं काम मरताना पुरं झालं असेल तर जटायूचा मार्ग घ्या. अर्धं राहिलं असेल तर कचाचा, आणि त्यासाठी आधी पहिल्या प्रकरणात जाऊन तुमची संजीवनी कुणाच्या हाती आहे ते लिहून या.