कोहा कार्यशाळा, वर्षभराच्या वापरानंतर: मराठी पुस्तकं शोधात येत नसतील तर शिकवलं काय?

परवा वार्षिक देखभालीचं कोटेशन हातात पडलं, तेव्हा हा अनुभव लिहायचाच असं ठरवलं. गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयासाठी कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरची पाच दिवसांची कार्यशाळा केली. फी साडेतीन हजार, राहणं-जेवण वेगळं, आणि कॉलेजने त्यातले निम्मेच पैसे मंजूर केले. माहितीपत्रकात ‘प्रशिक्षणानंतर वर्षभर मोफत मार्गदर्शन’ असं ठळक छापलेलं होतं. वर्ष संपायच्या आत अडचण विचारली, तर उत्तराच्या जागी कोटेशन आलं. आयोजकांचं नाव घेत नाही. याच साच्याच्या कार्यशाळा सगळीकडे होतात आणि माझी तक्रार त्या साच्याबद्दल आहे.

कोहा मुक्त आणि मोफत आहे, न्यूझीलंडच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात ते २००० साली सुरू झालं, दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती येते, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या दिवसाची दोन सत्रं मात्र यातच गेली.

तिसऱ्या दिवशी तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणं. सरांनी एका इंग्रजी पाठ्यपुस्तकाचा आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख-क्रमांक) टाकला, दुसऱ्या ग्रंथालयातल्या नोंदी आणून देणाऱ्या झेड ३९.५० ने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये शोध घेतला आणि अख्खी मार्क नोंद, म्हणजे क्रमांकांच्या रकान्यांत मांडलेली पुस्तकाची माहिती, क्षणात पडद्यावर आली. २४५ मध्ये शीर्षक, १०० मध्ये लेखक, ०८२ मध्ये वर्गांक, सगळं जिथल्या तिथं. मी स्वतः खूश झाले होते. पाचही दिवस सराव असाच झाला, इंग्रजी पुस्तकांवर. एकही मराठी पुस्तक टेबलावर आलं नाही.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावातलं, कला-वाणिज्यचं. कपाटं मराठी पुस्तकांनी भरलेली. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएनच नाही, त्यामुळे आयत्या नोंदी मिळायचा प्रश्न नव्हता. सहायकाने आणि मी मिळून नोंदी हाताने टाइप केल्या. जुन्या सॉफ्टवेअरमधला डेटा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होता, म्हणजे तो फॉन्ट नसेल तिथं मराठी वाचताच येत नाही, तो आधी बदलून घ्यावा लागला. दिवाळीच्या सुट्टीनंतर ओपॅक, म्हणजे वाचकांनी संगणकावर पुस्तक शोधायचं पान, विद्यार्थ्यांना खुला केला.

पहिल्याच आठवड्यात टीवायच्या मराठीची एक मुलगी शोध घेऊन उभी. निकाल शून्य. पुस्तक तिच्या पाठीमागच्या कपाटात. “मॅडम, कॉम्प्युटर नाही म्हणतोय, पण पुस्तक तर इथंच दिसतंय.” मी दाखल क्रमांकाने तीच नोंद उघडली, शीर्षक व्यवस्थित मराठीत होतं. तेच शीर्षक शोधाच्या चौकटीत टाकलं की पुस्तक गायब.

कार्यशाळेच्या व्हॉट्सॲप गटावर विचारलं. आधी “रीइंडेक्स करा” (शोधाची सूची पुन्हा बांधा), मग “आवृत्ती अपडेट करा”, मग शांतता. शेवटी सिंधुदुर्गातल्या एका ग्रंथपाल मैत्रिणीने फोनवर उलगडून सांगितलं. कोहाचा शोध झेब्रा नावाच्या इंजिनावर चालतो. झेब्रा शब्दांची सूची करताना मुळात ठरलेल्या अक्षरनकाशावर अवलंबून असतो आणि त्यात देवनागरी नीट पकडली जात नाही. त्याऐवजी आयसीयू, म्हणजे वेगवेगळ्या लिप्या ओळखणारी व्यवस्था, चालू करायचं. डीफॉल्ट डॉट आयडीएक्स या फाइलमधल्या ‘चारमॅप’च्या ओळी बंद करायच्या, ‘आयसीयूचेन’च्या उघडायच्या, कोहाच्या सिस्टीम प्रेफरन्समध्ये आयसीयूची निवड करायची आणि पूर्ण सूची नव्याने बांधायची. एवढंच. चहा व्हायच्या आत काम झालं. त्या मुलीला बोलावून शोध दाखवला, आणि मला खरोखर फार बरं वाटलं.

हे पंधरा मिनिटांत सांगण्यासारखं आहे. महाराष्ट्रात, मराठी ग्रंथपालांसमोर, पाच दिवसांत ती पंधरा मिनिटं निघाली नाहीत, याचा राग अजून गेलेला नाही.

डिसेंबरमध्ये लिहिलं असतं तर एक तारा देऊन थांबले असते. फेब्रुवारीत सर्व्हरची हार्डडिस्क गेली आणि मत थोडं हललं. चौथ्या दिवशीचं टर्मिनलचं (आज्ञा टाइप करून काम करायचं) सत्र तेव्हा सगळ्यांना कंटाळवाणं वाटलं होतं, निम्मे लोक जेवणानंतर परतलेच नाहीत. त्या तरुण प्रशिक्षकाने मात्र प्रत्येकाकडून कोहा-डम्प आणि कोहा-रिस्टोर, म्हणजे बॅकअप घेणं आणि तो परत चढवणं, करून घेतलं होतं, आणि रोजचा बॅकअप त्याच यंत्रात ठेवू नका म्हणून बजावलं होतं. आमचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता. नवी डिस्क, नवं डेबियन (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम), आणि परतीच्या सगळ्या नोंदींसह ग्रंथालय पुन्हा सुरू. हार्डडिस्कच्या खर्चापलीकडे एक रुपया गेला नाही. साडेतीन हजारांतले दोन हजार तरी त्या एका दुपारचे, हे मी मनापासून मान्य करते.

मराठीचा प्रश्न मात्र आयसीयूवर संपत नाही. ‘किनाऱ्यावर’ आणि ‘किनार्‍यावर’ वाचताना एकच शब्द, पण त्यातला ‘ऱ्य’ दोन वेगळ्या संकेतांनी लिहिता येतो. सहायकाच्या कळफलकावर एक पद्धत, माझ्या फोनवर दुसरी. आयसीयू असूनही एका पद्धतीने टाइप केलेलं दुसऱ्या पद्धतीने शोधलं की सापडत नाही. आता एकच पद्धत ठरवली आहे आणि जुन्या नोंदी सवडीने दुरुस्त करतो आहोत. लेखकांच्या नावांचंही तसंच. कुणी कुसुमाग्रज शोधतं, कुणी वि. वा. शिरवाडकर. प्राधिकृत नोंदीत, म्हणजे लेखकाचं नाव एकाच रूपात पक्कं करणाऱ्या नोंदीत, ४०० मध्ये दुसरं नाव द्यायचं, ‘सी फ्रॉम’ शीर्षकं शोधात घेण्याचं प्रेफरन्स चालू करायचं, पुन्हा सूची बांधायची, की दोन्हीकडून पुस्तकं मिळतात. टोपणनावांनी भरलेल्या आपल्या साहित्याला याची सर्वांत जास्त गरज आहे, आणि कार्यशाळेत प्राधिकृत नोंदी ‘वेळेअभावी’ गाळल्या गेल्या.

वेळ कुठं गेला? उद्घाटन, सत्कार, समारोप, प्रमाणपत्रांचे फोटो. पदोन्नतीला प्रमाणपत्र लागतं, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात सॉफ्टवेअरची माहिती भरावी लागते, म्हणून आपण जातो, आणि आयोजकांनाही ते पक्कं माहीत असतं. नुसते टप्पे शिकायचे असतील तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर कोहाचे धडे फुकट आहेत. पैसे मोजून जायचं ते आपल्या कपाटातल्या अडचणी समोरासमोर सोडवून घ्यायला.

कोटेशनला मी नकार कळवला आहे. या उन्हाळ्यात डीस्पेसची (शोधनिबंध वगैरेंचा डिजिटल संग्रह ठेवायचं सॉफ्टवेअर) एक कार्यशाळा आहे, तिच्या आयोजकांना फोन करून एवढंच विचारलं, “प्रात्यक्षिकाला आमच्या कॉलेजचे मराठी शोधनिबंध आणले तर चालतील का?” त्यांनी विचारून सांगतो म्हटलंय. हो आलं तरच फी भरणार.