बी ग्रुप ठरला. आता मराठी की आयटी, गणित की भूगोल?

दहावीचा निकाल लागला की आमच्या अमळनेर भागात घरोघरी एकच बोलणं : डॉक्टर व्हायचंय, बी ग्रुप घ्यायचा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी (म्हणजे पीसीबी) आणि इंग्रजी ठरलेलंच. उरतात दोन जागा : एक मराठी किंवा आयटीची (माहिती तंत्रज्ञान), दुसरी गणित किंवा भूगोलाची. पोरं तिथेच अडतात. मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दर जूनमध्ये माझ्यापर्यंत येतो.

आयटीची शिफारस एकाच कारणाने होते : मार्क पडतात. ऑनलाइन पेपर, प्रॅक्टिकलचे गुण, टक्केवारी वर जाते. खरं आहे. पण एमबीबीएसचा प्रवेश नीट या प्रवेश परीक्षेच्या ७२० गुणांवर होतो. बारावी लागते ती पात्रतेपुरती : पीसीबीत खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४०, आणि इंग्रजी पास. आयटीचे ९५ तिथे मोजलेच जात नाहीत. खरा फायदा वेळेचा आहे. मराठीची लांब उत्तरं लिहायचा सराव वाचतो. मात्र आयटीची फी बऱ्याच ठिकाणी वेगळी असते. ती आधी विचारा.

मराठीला वेळ द्यावा लागतो, हे मी लपवत नाही. तरी बारावीच्या उपयोजित मराठीत मुलाखत आणि अहवाल आहे, ते बघा. समोरच्याला नेमकं विचारायचं, त्याचं ऐकायचं, मोजक्या शब्दांत मांडायचं. डॉक्टर पेशंटची हिस्ट्री घेतो म्हणजे दुसरं काय करतो? एमबीबीएसच्या २०१९च्या नव्या अभ्यासक्रमात नीतिमत्ता आणि संवाद यांचा एटकॉम हा भाग मुद्दाम घातलाय. धुळ्याच्या ओपीडीत एखादी आजी अहिराणीत ‘पोटमा दुखस’ (पोटात दुखतं) एवढंच म्हणून गप्प बसते. नंदुरबारला पेशंट भिलीत, पावरीत बोलतो. मराठीचा पेपर अहिराणी किंवा पावरी शिकवणार नाही, पण माणसाचं बोलणं मनावर घ्यायची सवय लावतो. मी मराठीच घ्यायला सांगते. कच्चं फिजिक्स सावरता सावरता ज्याचा दिवस संपतो, त्याने मात्र आयटी घ्यावं; त्यात कमीपणा नाही.

गणिताचं थोडक्यात. इंजिनिअरिंगचा रस्ता उघडा ठेवायचा असेल तर एबी ग्रुप, म्हणजे बायोलॉजीसोबत गणितही, घ्या, पण रोजचा तास-दीड तास त्यात जाणार हे धरून चाला. फिजिक्सला लागणारे व्हेक्टर, लॉगॅरिदम गणित न घेताही शिकता येतात. डॉक्टरकीचं पक्कं असेल आणि गणिताची धास्ती असेल, तर भूगोल बरा. नीटमध्ये नाही जमलं तरी फार्मसी, कृषी पीसीबीवर होतात. शिवाय पाऊस, पाणी, वस्ती, स्थलांतर कळलं, तर सातपुड्याच्या पाड्यावर साथ का पसरते हेही उमगतं.

२०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत. सायन्सला भूगोल सगळीकडे नसतो. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा.