नार्सिसो की नार्सिसो पुद्रे?

जुलैच्या सुरुवातीला स्वतःसाठी परफ्यूम घ्यायला गेले आणि निवड अखेर नार्सिसो रॉड्रिगेझ या ब्रँडच्या दोन बाटल्यांवर येऊन थांबली: २०१४ साली आलेला 'नार्सिसो' आणि २०१६ सालचा 'नार्सिसो पुद्रे'. दोन्हींची रचना ऑरेलियाँ गिशार यांची. दोन्हींच्या गाभ्यात कस्तुरी, तिच्या जोडीला बल्गेरियन गुलाब आणि तळाशी वाळा व सीडरचे लाकूड. त्यामुळे दुकानात कागदी पट्टीवर हुंगताना दोन्ही जवळजवळ सारखेच वाटले.

फरक पांढऱ्या फुलात आहे. नार्सिसोमध्ये गार्डेनिया, म्हणजे आपला अनंत. अनंताच्या फुलाचे तेल सहसा व्यापारी प्रमाणावर काढले जात नाही, म्हणून परफ्यूम रचणारे तो वास इतर घटकांतून जुळवतात. येथे तो इतका नेमका जुळला आहे की मनगट नाकाशी नेताच, पाकळ्या पिवळसर पडू लागल्यावर येतो तो लोण्यासारखा दाट वास आठवला. आजोळी दारातच अनंत होता, त्यामुळे माझे मन या बाजूला आधीपासून झुकलेले असू शकते. पुद्रेत त्या जागी जास्मिन आहे आणि सोबत कुमारिन. कुमारिनला वाळलेल्या गवतासारखा, किंचित गोड वास असतो आणि त्याने सगळे फूल पावडरच्या डब्यात ठेवल्यासारखे मऊ होते.

पट्टीवर विसंबून न राहता मी डाव्या मनगटावर एक व उजव्या मनगटावर दुसरा लावून दादरहून चर्चगेटला जाणारी दुपारची लोकल पकडली. दमट हवेत आणि अंगाच्या उष्णतेने पुद्रेचा गोडवा वाढत गेला, तर नार्सिसोतील अनंत तासाभरात मागे सरला आणि पाणी शिंपडलेल्या वाळ्याच्या पडद्याचा असतो तसा कोरडा, गार वास पुढे आला. ऑफिसच्या एसीत मात्र चित्र पालटले: तेथे पुद्रे अधिक जिव्हाळ्याचा वाटला आणि शेजारच्या टेबलावरील मैत्रिणीनेही त्याचीच चौकशी केली. टिकण्यात दोघांत फारसे अंतर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढणीला दोन्हींतली कस्तुरी तेवढी उरली होती.

ज्यांचा दिवस प्रवासात आणि उन्हापावसात जातो, त्यांनी नार्सिसो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी त्याचीच ३० मिलिलिटरची बाटली घेतली. पुद्रे डिसेंबरमध्ये, हवा कोरडी झाल्यावर, पुन्हा एकदा मनगटावर लावून पाहणार आहे.