कोरे म्हणून विकलेले रिकोन वूफर

घरी स्पीकरचा डबा बांधायला घेतलेल्यांनी वूफर (खर्जातला आवाज काढणारा स्पीकर) खरेदीआधी हे वाचावं, म्हणून लिहितोय. पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराने मला आठ इंची वूफरची जोडी ‘कंपनीचा जुना स्टॉक, वापरलेला नाही’ असं सांगून 6,400 रुपयांना विकली. ते वूफर रिकोन केलेले निघाले. म्हणजे सांगाडा आणि मॅग्नेट जुना, कंपनीचा. कोन (हलणारा पडदा), कॉइल (त्याला हलवणारी तारेची गुंडाळी), स्पायडर (कॉइल मधोमध धरणारी लवचीक चकती) सगळं स्थानिक. बिल मागितलं तर कच्च्या चिठ्ठीवर ‘स्पीकर 2 नग’ एवढंच लिहून दिलं.

दुकानात त्याने वूफर वाजवून दाखवले होते. पण उघडा वूफर काउंटरवर ठेवून गाणं लावलं की त्यातून काहीच कळत नाही. खरा-खोटा डब्यात बसल्यावर उघडा पडतो, आणि तोवर गिऱ्हाइकाचं लाकूड कापून झालेलं असतं.

डबा बांधला जातो तो वूफरच्या आकड्यांवर. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या नावाने ओळखले जाणारे पॅरामीटर घेऊन आपण डब्याचं आकारमान आणि पोर्टची, म्हणजे डब्यातली हवा आत-बाहेर करणाऱ्या नळीची, लांबी काढतो. कंपनीच्या कागदावर या वूफरची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी, म्हणजे ज्या सुराला कोन आपसूक सर्वांत सहज हलतो ती, 32 हर्ट्झ होती. त्यावरून 40 लिटरचा डबा आणि आतून 70 मिमी व्यासाची, 20 सेमी लांबीची पोर्टची नळी असा हिशोब आला. 18 मिमी प्लाय, आतून ब्रेसिंगच्या आधारपट्ट्या, सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने पक्के. सुतारकामात कुठे फट नव्हती. तरी तबला लावला की बायाँचा प्रत्येक ठोका एकाच सुरात घुमायचा आणि त्याखालचं काही ऐकूच यायचं नाही.

मग वूफर बाहेर काढून मोजले. 8 ओहमच्या वूफरची कॉइल मल्टिमीटरवर साधारण 5.5 ते 7 ओहम दाखवते. दोन्ही त्या मर्यादेत होते, पण एक 5.7 आणि दुसरा 6.8, एका जोडीत एवढा फरक पटण्यासारखा नव्हता. पुढे मोबाइलवरच्या टोन जनरेटरमधून अँप्लिफायरला सिग्नल दिला, वूफरच्या सिरीजमध्ये 100 ओहमचा रेझिस्टर जोडला आणि वूफरच्या दोन टोकांवरचा एसी व्होल्टेज बघत फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत नेली. व्होल्टेज जिथे सर्वांत जास्त चढतो ती रेझोनन्स. एका वूफरची 58 हर्ट्झ निघाली, दुसऱ्याची 66. कारखान्यातल्या मालात थोडं कमी-जास्त असतंच, पण 32 चे 66 होत नाहीत.

त्यानंतर नीट बघितलं तेव्हा खुणा दिसल्या. कोनच्या कडेच्या गॅस्केटखाली जुना वाळलेला तपकिरी गोंद खरवडल्याचे ओरखडे होते आणि त्यावरून ताज्या गोंदाची पिवळट रेघ फिरवलेली होती. माउंटिंगच्या भोकांभोवती आधीच्या स्क्रूच्या डोक्यांचे गोल वळ उमटलेले होते. न वापरलेल्या वूफरवर ते असूच शकत नाहीत.

रिकोन करणाऱ्या कारागिरांवर माझा राग नाही. जळलेला वूफर ते कमी पैशांत पुन्हा वाजता करतात, मंडपवाल्यांचं काम त्यांच्यावर चालतं. रिकोन माल रिकोन म्हणून, त्या भावात विकला असता तर मी हे लिहिलंच नसतं.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दुरुस्त केलेला किंवा वापरलेला माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिल न देणंही त्यातच येतं. त्यामुळे बिलावर मॉडेल नंबर आणि ‘नवीन’ हा शब्द लिहून घ्या. दुकानदार तेवढं लिहायला कां-कूं करू लागला की तिथून उठा. वूफर घरी आला की प्लायला करवत लावण्याआधी रेझोनन्स मोजा. मोबाइल, अँप्लिफायर, मल्टिमीटर, एक रेझिस्टर आणि संध्याकाळचा थोडा वेळ, एवढंच लागतं.

मोजलेले आकडे आणि गोंदाचे फोटो घेऊन गेलो तेव्हा दुकानदार आधी ‘वाजतोय ना?’ म्हणत राहिला, मग अर्धे पैसे देतो म्हणाला. प्लाय, नळी आणि वेळ गेला तो वेगळाच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. कच्ची चिठ्ठी आणि पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद जपून ठेवली आहे. पूर्ण रक्कम मिळेपर्यंत तक्रार मागे घेणार नाही.