घरघंटी: वर्षभराच्या वापरानंतर (आणि दाराच्या स्विचबद्दल बरंच काही)

मोटर एक एचपी, जाळ्या, पिठाचा कपडा, हे सगळ्यांना माहीत आहे, परत लिहीत नाही. मला बोलायचंय दाराच्या स्विचबद्दल. दार नीट लागलं नसेल तर चक्की चालत नाही, सेफ्टी म्हणून चांगलंच, पण तो एवढासा प्लॅस्टिकचा खटका गेला की साडेअठरा हजारांचं नुसतं कपाट उरतं. आणि तो ऐन दिवाळीच्या तोंडावर गेला, भाजणी भाजून पंख्याखाली पसरलेली असताना.

आता घेतली का ते. आई गेल्यावर चरईतल्या घरावरून दादाचं नि माझं फाटलं. त्याला हक्कसोड पत्रावर सही हवी होती. आईने मृत्युपत्र केलेलं नाही, बाबा आधीच गेलेले, म्हणजे कायद्याने आम्ही दोघं सारखेच वारस, एवढंच मी म्हटलं आणि तेव्हापासून बोलणं बंद. आमची नेहमीची गिरणी नेमकी त्याच्या बिल्डिंगखाली. दळणाचा डबा घेऊन गेलं की वहिनी समोर येणार, म्हणून घरघंटी. नवऱ्याला सांगितलं दळणाचे पैसे वाचतील, तो हिशोब अजून बसलेला नाही.

मागची दिवाळी दुःखातली, घरात तळण नाही. अशा वर्षी फराळ नातेवाइकांनी द्यायचा असतो. शेजारच्या काकूंनी दिला, मावशीने वाशीहून पाठवला, चरईतून काही आलं नाही. नरकचतुर्दशीला अख्खं ठाणं नटूनथटून राम मारुती रोडवर आणि मी दार लावून गहू दळत बसले. चक्कीला आवाज बराच आहे, पण त्या दिवशी बरा वाटला, मी रडतेय ते बाहेर कोणाला कळलं नाही. त्याच रात्री १४४१६ ला फोन केला, टेलिमानस, मन ठीक नसेल तर बोलायची हेल्पलाइन, २०२२ पासून आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही, 'भावाशी बोलून घ्या' असलं काही सांगितलं नाही. त्यांना पाच स्टार.

चक्कीलाही मी गणपतीपर्यंत पाच दिले असते. तांदळाचं पीठ काय सुरेख येतं, भाकरी कधी चिरली नाही. मग खटका गेला. कंपनी म्हणे मॅडम, माणूस दिवाळीनंतर येईल, आणि वॉरंटी मोटरला आहे, स्विचला नाही. फोनवर यथेच्छ भांडले, उपयोग शून्य.

शेवटी गेले गिरणीत. भाजणी गव्हावर दळली तर चकलीची वाट लागते, म्हणून म्हटलं थांबते. गिरणीवाले काका म्हणाले, "थांबता कशाला ताई, तुमच्या वहिनींची भाजणी आत्ताच काढली, त्याच्यावरच घालतो." आईचं माप चार तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद, एक मूग. वहिनी त्यात पोहे घालते, आईला ते कधीच पटलं नाही. आता माझ्या डब्यात थोडी तिचीही आली असणार. चकल्या खुसखुशीत झाल्या, पोह्यांमुळे असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

भाऊबीजेला ना तो आला ना मी गेले. आदल्या दिवशी काकांकडे चकल्यांचा डबा ठेवला होता, वर द्या म्हणून. दिला म्हणाले. डबा अजून परत नाही, चांगला जाड स्टीलचा होता.

स्विच नोव्हेंबरात बसला, पार्टपेक्षा व्हिजिट चार्ज जास्त. तीन स्टार. घेणार असाल तर तो स्विच जास्तीचा आधीच घेऊन ठेवा, आणि गिरणीवाल्याशी संबंध तोडू नका.