एसईएमवर १ किलोव्होल्ट लावायचे की २०?

स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर (एसईएम, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या झोताने नमुन्याचे चित्र काढणारे यंत्र) बसल्यावर बरेचजण झोताला वेग देणाऱ्या, आधीच्या माणसाने ठेवलेल्या व्होल्टेजवरच काम सुरू करतात आणि चित्र बिघडले की नमुन्याला दोष देतात.

१ किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या सुमारे ६ टक्के असतो, २० ला सुमारे २७ टक्के. वेगातला फरक साडेचारपटही नाही. पण सिलिकॉनमध्ये १ ला तो जेमतेम ३० नॅनोमीटर शिरतो, २० ला साडेचार-पाच मायक्रोमीटर, म्हणजे जवळपास दीडशे पट! म्हणून पृष्ठभागावरचे बारकावे, पातळ थर किंवा पॉलिमर बघायचे असतील तर १ ते ३ वर राहा. २० वर माहिती खालून येते, थर पारदर्शक वाटतो आणि कडा भगभगीत पांढऱ्या होतात.

मूलद्रव्ये ओळखायची असतील, म्हणजे ईडीएस (नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या ऊर्जेची मोजणी) करायचे असेल, तर गणित उलटते. लोखंडाची के-अल्फा ही मुख्य क्ष-किरण रेषा ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते. ती उठवायला किमान ७.१ किलोव्होल्ट लागतात, चांगल्या मोजणीसाठी त्याच्या दुप्पट. म्हणजे १५ ते २०. ५ वर लोखंडाची फक्त ०.७० ची, कमी ऊर्जेची एल-रेषा मिळते आणि ती फ्लोरीनच्या ०.६८ मध्ये मिसळते.

अडचण होते ती वीज न वाहणाऱ्या नमुन्यात. २० वर आत अडकलेले इलेक्ट्रॉन नमुना ऋणभारित करतात आणि तो पुढच्यांना मागे ढकलतो. चित्र सरकते, पट्टे उमटतात. ईडीएस आलेखाची उजवी कडा तपासा: लावले १५ आणि कडा १२ ला संपत असेल, तर इलेक्ट्रॉन तेवढ्यानेच आदळत आहेत. वीज वाहून नेणारे पातळ कोटिंग द्यायचे तर कार्बनचे करा, सोन्याची २.१२ ची रेषा फॉस्फरस आणि गंधकाच्या मधोमध बसते. बऱ्याच पॉलिमरांमध्ये १ ते २ किलोव्होल्टच्या आसपास येणारे आणि सुटणारे इलेक्ट्रॉन जवळपास सारखे होतात, तिथे कोटिंगशिवायही भागते.

कमी व्होल्टेज फुकट मात्र मिळत नाही. संथ इलेक्ट्रॉन बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राने जास्त वळतो, त्यामुळे जवळच्या केबलची ५० हर्ट्झची थरथर चित्राच्या कडांवर दिसते. वर्किंग डिस्टन्स (लेन्सपासून नमुन्याचे अंतर) ३-५ मिलिमीटरवर आणा, स्टिग्मेटर (झोत गोल करणारी जुळणी) पुन्हा लावा. यंत्रात इलेक्ट्रॉन सोडणारी तापलेली टंगस्टन तार (फिलामेंट) असेल, तर १ चा हट्ट सोडा. त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतच दोनेक इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक असतो आणि झोतही क्षीण होतो, म्हणून चित्र धूसरच येईल. तिथे ५ वर थांबा. १ चा खरा फायदा फील्ड एमिशन गनवाल्यांनाच (टोकदार सुईतून विद्युत क्षेत्राने इलेक्ट्रॉन खेचणारा स्रोत).