हनिमूनला दोघांनी केलेला ओपन वॉटर कोर्स, एक मोसम वापरून पाहिल्यावर

अंदमानच्या हनिमून पॅकेजात ‘स्कूबा’ (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) म्हणून जे मिळतं ते वेगळं, आणि सर्टिफिकेशनचा कोर्स वेगळा. पॅकेजातल्या स्कूबात इन्स्ट्रक्टर मागून तुमची टाकी धरून तुम्हाला फिरवतो, मासे दाखवतो, व्हिडिओ काढतो. किती खोल जायचं, हवा किती उरली, वर कधी यायचं, हे सगळं तोच बघतो. ओपन वॉटर, म्हणजे सर्टिफिकेशनचा पहिला कोर्स, केला की ते सगळं तुमच्याकडे येतं आणि जोडीदारावर लक्ष ठेवायची जबाबदारीही येते. आम्ही जानेवारीत हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, हा कोर्स केला. उन्हाळ्यात कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला जाऊन तो वापरला. आता पावसाळ्यामुळे डायव्हिंग बंद आहे, म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

माझं मत आधीच सांगते. हनिमूनला हा कोर्स जरूर करावा, पण दोघांनाही मनापासून हवा असेल तरच. आणि शिकताना नवरा-बायकोने एकमेकांची जोडी धरू नये. शिकावं वेगवेगळं, मग डाइव्ह एकत्र करावी.

वेळेचं गणित तिकिटं काढण्याआधी करा. थिअरी ऑनलाइन असते. ती घरीच संपवून गेलात तर बेटावर साधारण तीन दिवस लागतात: उथळ पाण्यातला सराव आणि मग समुद्रातल्या चार डाइव्ह. लग्नाच्या धामधुमीत थिअरी होत नाही हे गृहीत धरा. आमची सत्यनारायणाची पूजा झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, रात्री दोघं लॅपटॉप घेऊन बसायचो. हॅवलॉकला एकच मुक्काम असलेलं पॅकेज घेऊ नका, त्यात कोर्स बसतच नाही. शिवाय शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. लागोपाठ डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायला सांगतात. आम्ही पूर्ण दिवसाहून जास्त अंतर ठेवलं. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो, आणि विमानात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे त्याचे बुडबुडे होण्याची भीती असते. म्हणून हॅवलॉक आधी, मग नील बेट, आणि शेवटी पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल, असा क्रम लावला. सावरकरांची कोठडी बघायला दोघांनाही जायचंच होतं, त्यामुळे तो दिवस वाया गेला असं वाटलं नाही. खर्च माणशी तीस हजारांच्या आसपास आला. त्यात टाकी, बीसीडी (हवा भरून-सोडून तरंगणं कमी-जास्त करायचं जाकीट), रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण), बोट सगळं धरलेलं होतं.

कोर्सआधी भरायच्या वैद्यकीय फॉर्मकडे नवीन लग्न झालेल्यांनी विशेष लक्ष द्यावं. लग्नाआधी चष्मा घालवायला लेसर करून घेणारे कितीतरी जण असतात. डोळ्यांची शस्त्रक्रिया तीन महिन्यांच्या आतली असेल तर फॉर्मवर ‘हो’ लिहावं लागतं आणि डॉक्टरांची सही लागते. वारंवार होणाऱ्या सायनसचंही तसंच. माझ्या नवऱ्याला तो त्रास आहे, म्हणून आम्ही ठाण्यातच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून सही घेऊन गेलो. तिथे पोचल्यावर डॉक्टर शोधत बसणं हॅवलॉकसारख्या छोट्या बेटावर सोपं नाही. आणि गरोदरपणात डायव्हिंग करत नाहीत. दिवस राहिले असण्याची शक्यता असली तरी थांबावं. याबद्दल दोघांनी निघण्याआधी मोकळेपणाने बोलून घ्या.

दागिन्यांचं कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. माझ्या हातात हिरवा चुडा होता. काचेच्या बांगड्या घालून समुद्रात उतरू नये, कारण टाकी उचलताना, बोटीत चढताना हात आपटतात. हे घरी कसं सांगावं याचा मला प्रश्न पडला होता. पण सासूबाईच म्हणाल्या, “काढून ठेव गं, पाण्यात काच लागली तर? आल्यावर भरू पुन्हा.” जोडवी बूटात रुततात, ती काढावीत. मंगळसूत्र बीसीडीच्या पट्ट्यात अडकतं, आणि पाण्यात बोटं आकसतात तेव्हा अंगठी सैल होते. दोन्ही खोलीच्या तिजोरीत ठेवली. मेंदी मात्र होती, आणि पहिल्या व्हिडिओत ती काळपट दिसते. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो, त्याचा पुरावा माझ्याच हातावर होता.

आता मूळ गोष्ट. आमचं ठरवून झालेलं लग्न. साखरपुड्यापासून धरलं तरी एकमेकांना जेमतेम काही महिने ओळखत होतो. कोर्सच्या पहिल्या सकाळी आमच्या इन्स्ट्रक्टरने आम्हाला वेगळं केलं. नवऱ्याची जोडी बेंगळुरूहून आलेल्या एका मुलाशी, माझी एका कॉलेजच्या मुलीशी. मला आधी वाईट वाटलं. पण त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचं बरोबर होतं हे पटलं. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचं आणि नाकाने हवा सोडून ते बाहेर काढायचं, तोंडातला रेग्युलेटर काढून पुन्हा शोधून तोंडात घ्यायचा, असली कामं घाबरल्यावर जमत नाहीत. आणि आपलं माणूस शेजारी असलं की एक तर आपण त्याच्याकडे बघून घाबरतो, नाही तर आपण घाबरलोय हे त्याच्यापासून लपवतो. अनोळखी जोडीदाराला सरळ हाताने खूण करता येते, ‘थांब, मला जमत नाहीये.’ मी ती खूण निःसंकोच केली. नवऱ्याने त्या मुलाला कितीदा केली ते त्याने मला नंतर स्वतःहून सांगितलं.

कानाचंही तसंच. १० मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. पण खरा त्रास पहिल्या काही मीटरमध्येच होतो, कारण आधीच्या दाबाच्या मानाने तिथे दाब सर्वात झपाट्याने वाढतो. नाक दाबून हलकेच फुंकर मारत, दुखायला लागायच्या आधीच, कान मोकळे करत जायचं. माझे कान पटकन मोकळे होतात, त्याला वेळ लागतो. आम्ही एका जोडीत असतो तर माझ्यासाठी त्याने घाई केली असती, हे नक्की. स्वभाव तसा आहे त्याचा. जोडी वेगळी असल्यामुळे तो त्याच्या गतीने उतरायला शिकला. समुद्रातल्या शेवटच्या डाइव्हना आम्हाला एकत्र सोडलं, तेव्हा त्याने कानाकडे बोट दाखवून हात हलवला आणि मी थांबले. कुणी कुणाची समजूत घालायची गरज पडली नाही.

पाण्याखाली बोलता येत नाही, ही मला या कोर्सची सर्वात मोठी देणगी वाटते. ‘ठीक आहे ना?’ अशी खूण केली की उत्तराची वाट पाहावीच लागते. समोरच्याने उत्तर दिलं नाही तर तेच ‘ठीक नाही’ असं धरायचं. हवा संपल्याचा सराव तर मी कधी विसरणार नाही. नवऱ्याने गळ्यावरून आडवा हात फिरवला, मी माझा पर्यायी (जादाचा) रेग्युलेटर त्याच्या हातात दिला, एकमेकांचा दंड धरला आणि माझ्या टाकीतून दोघं श्वास घेत सावकाश वर आलो. काही आठवड्यांपूर्वीच सप्तपदी झाली होती. मला ही तितकीच खरी वाटली.

आता कोर्सनंतरचं. कार्ड मिळालं की १८ मीटरपर्यंत, जोडीदाराबरोबर, इन्स्ट्रक्टरशिवाय डाइव्ह करता येते. प्रत्यक्षात आम्ही गेलो तिथे बोटीवरचा डाइव्हमास्टर, म्हणजे वाट दाखवणारा अनुभवी डायव्हर, बरोबर उतरतोच, आणि नवख्यांनी त्याबद्दल आनंदच मानावा. कोकण रेल्वेने मुर्डेश्वरला उतरून बोटीने नेत्राणीला जाणं मुंबई-ठाण्याकडच्या लोकांना सोयीचं आहे. अंदमानसारखं नितळ पाणी मिळेलच असं नाही. आम्हाला एकदा छान दिसलं, एकदा पुढच्याचे फिन्ससुद्धा (पायात घालायची वल्ह्यासारखी पाती) धूसर. त्या धूसर पाण्यातच कोर्सची किंमत कळली. आम्ही दोघं हाताच्या अंतरावर राहिलो आणि सारखी वळून खूण केली. घाबरायला झालं नाही.

तिथेच नव्हे तर सगळीकडे, उतरण्याआधीची एकमेकांची तपासणी कधीही टाळू नका. बीसीडी, वजनं, बकलं, हवा, शेवटी सगळं एकदा. भाड्याचं सामान दुसऱ्यांनी जोडून दिलेलं असतं. एका ठिकाणी मी नवऱ्याच्या रेग्युलेटरमधून दोन-तीन श्वास घेतले तर दाबमापकाचा काटा प्रत्येक श्वासाला खाली जाऊन वर येत होता. म्हणजे टाकीची तोटी अर्धवटच उघडलेली होती. बोटीवरच्या माणसाला सांगितलं, त्याने लगेच ती उघडली. वर हे किरकोळ वाटतं, १५ मीटरवर वाटलं नसतं.

हवेचा हिशेब जोडप्यांनी समजून घ्यावा. धिप्पाड माणसाला हवा जास्त लागते. त्याचा काटा आधी खाली येतो आणि डाइव्ह दोघांची संपते, मग माझ्या टाकीत कितीही उरलेली असो. सुरुवातीला मला चुटपुट लागायची. सरावाने त्याचा श्वास संथ झाला आणि अंतर बरंच कमी झालं. अजून फरक आहे, पण त्याबद्दल तक्रार उरली नाही.

पैसे कुठे घालावेत? स्वतःचा मास्क आधी घ्या. चेहऱ्याला नीट बसणारा मास्क निम्मा त्रास वाचवतो, आणि चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसवून मिळतात. डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र), बीसीडी वगैरे घ्यायची घाई नको. आणि पाण्यात तरंगत स्थिर राहायला मनापासून शिका. अंदमानच्या प्रवाळांनी २०१० मध्ये तापलेल्या पाण्यामुळे मोठा फटका खाल्लाय. आपल्या फिनचा एक धक्का त्यात भर घालायला नको.

पुढच्या मोसमात नवऱ्याला अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करायचाय. त्यात ३० मीटरपर्यंत जाता येतं, खोल डाइव्ह आणि होकायंत्रावर दिशा धरायचा सराव असतो. मला सध्या १८ मीटर पुरे आहेत. तो कोर्स करेल त्या दिवसांत मी उथळ प्रवाळांवर दुसऱ्या कुणाबरोबर उतरेन, आणि कोर्स संपला की मग दोघं एकत्र. तारखा डिसेंबरच्या ठरवतोय, समुद्र कसा राहतो ते बघून.